बरणीला हिंगाची धुरी



गेल्या उन्हाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मी मुलाकडे बॉथेलला राहते. अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे (राजधानीचं वॉशिंग्टन ते वेगळं, ते पार दुसऱ्या किनाऱ्याकडे). त्या राज्यात सिएटल शहराच्या ईशान्येला, समामिश नदीच्या काठी हे गाव वसलं आहे. हिवाळाभर इथे पावसाची झिमझिम चालू असते. संध्याकाळी विद्यापीठाच्या आवारातल्या पाणथळ जागेत हजारो कावळे झोपायला येतात, ते बघायला लोक मुद्दाम थांबतात. हवा कायम ओलसर, त्यामुळे घरात पाव ठेवला की त्याला बुरशी लवकर धरते.

तर इथल्या भारतीय दुकानात मला चांगल्या कडक कैऱ्या मिळाल्या. मन हरखलं. लोणचं घालायला बसले. पण आमच्या ह्यांना रक्तदाब, म्हणून मीठ निम्मं केलं. डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलेलं, म्हणून तेलही जेमतेमच. चिनी मातीची बरणी नव्हती, तेव्हा प्लास्टिकचा डबा घेतला आणि ओट्यावर ठेवून दिला. वीस-एक दिवसांनी झाकण उघडते तो काय, वर पांढरी-हिरवी बुरशी!

आपल्या पिढीची सवय तुम्हाला ठाऊकच आहे. मी चमचा घेतला आणि वरचा थर काढून टाकायला लागले. तेवढ्यात माझ्या नातीने माझा हात धरला. ती आता सातवीत आहे. म्हणाली, "आजी, वर दिसते तेवढीच बुरशी नसते. तिचे बारीक धागे आत खाली गेलेले असतात. ते आपल्याला दिसत नाहीत."

सगळा डबा टाकून द्यावा लागला. जिवाला फार लागलं. माझा पडलेला चेहरा बघून नातीने विचारलं, "आजी, तुझ्या आजीकडे फ्रिज होता?"

मी म्हटलं, "फ्रिज कुठला, अलिबागला तेव्हा घरात वीजसुद्धा नव्हती."

"मग तिचं लोणचं वर्षभर कसं टिकायचं?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. "अगं, तशी पद्धतच होती," एवढंच म्हणाले. पण मुलांना 'पद्धत' सांगून भागत नाही, त्यांना कारण हवं असतं. ते कारण शोधताना आम्ही दोघी जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगते.

आजीची बरणी

माझ्या आजीचं लोणचं म्हणजे एक सोहळाच असे. बरणी धुऊन दिवसभर उन्हात पालथी घालायची. मग लोखंडी पळीत निखारा घ्यायचा, त्यावर हिंगाचा खडा टाकायचा आणि त्या धुरावर बरणी पालथी धरायची. आतून धूर कोंदला की बरणी तयार. कैरीच्या फोडी कोरड्या पुसलेल्या. त्यांना मीठ, हळद, मोहरीची डाळ, तळून कुटलेली मेथी, तिखट आणि हिंग. वर कडकडीत तापवून पूर्ण गार केलेलं तेल, ते फोडींच्या वर चार बोटं आलंच पाहिजे. तोंडावर स्वच्छ कापडाचा दादरा बांधायचा. ओला हात किंवा ओला चमचा बरणीत गेला की आजीचा आवाज घरभर ऐकू यायचा!

बॉथेलला आल्यावर मीही एकदा धुरी द्यायचा प्रयत्न केला होता. विजेची शेगडी, त्यावर तवा, तव्यात हिंग. दोन मिनिटांत छतावरची धुराची घंटा अशी किंचाळायला लागली की शेजारीण धावत आली. तेव्हापासून धुरी बंद.

आता यातलं कशाने काय होतं ते बघू. अन्न नासतं ते बहुतेक वेळा जंतू, यीस्ट आणि बुरशी यांच्यामुळे. त्यांना वाढायला पाणी लागतं. मीठ ते पाणी ओढून घेतं. कैरीचा आंबटपणा बऱ्याच जंतूंना सोसत नाही. तेलाचा थर हवा अडवतो, आणि हवेवाचून बुरशी वाढत नाही. हे तीन मोठे पहारेकरी. त्यांच्या जोडीला मोहरी, हिंग, हळद, मेथी हे मदतनीस. मी मीठ आणि तेल कमी केलं, म्हणजे दोन पहारेकऱ्यांना रजा दिली. एकट्या मदतनिसांनी किती लढायचं?

पण मदतनीस म्हणून त्यांना कमी लेखू नका. आज जगभर शास्त्रज्ञ याच मदतनिसांच्या मागे लागले आहेत. जे काम आजी बरणीच्या आतल्या बाजूला धुरी देऊन करत होती, ते काम अन्नाच्या वेष्टनाकडून करून घ्यायचं, म्हणजे प्लास्टिकच्या कागदात, पुठ्ठ्यात किंवा झाकणात वनस्पतींचा अर्क घालायचा आणि वेष्टनालाच पहारेकरी बनवायचं, असा हा प्रयत्न आहे.

झाडाचं हत्यार

मुलांनो, लवंगेला एवढा उग्र वास का असतो, कधी विचार केलात? झाडाला पळून जाता येत नाही. कीड आली, बुरशी आली, तर त्याने काय करायचं? म्हणून झाड आपल्या अंगातच औषध तयार करून ठेवतं. आपल्याला जो वास येतो, तो बरेचदा याच औषधाचा.

लवंगेत युजेनॉल असतं. दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड. ओव्यात थायमॉल. इस्रायलमधल्या वाचकांच्या रोजच्या ओळखीचा झातार घ्या. त्याच्या पानांत थायमॉल आणि त्याचाच सख्खा भाऊ कार्वाक्रोल असतो. म्हणजे आपला ओवा आणि तिथला झातार, दोघे निरनिराळ्या देशांतले, पण वासाने नातेवाईक! पोट दुखलं की आई ओवा चावायला द्यायची, ती चव आठवा आणि झातारची चव आठवा, म्हणजे पटेल.

ही द्रव्यं तेलकट असतात. जंतूभोवतीचं आवरणही स्निग्ध पदार्थाचं असतं. तेलात तेल मिसळतं तसं हे द्रव्य त्या आवरणात शिरतं, आवरण सैल होतं, आतलं पाणी-क्षार बाहेर गळायला लागतात आणि जंतू दुबळा होतो किंवा मरतो.

मोहरीची गोष्ट तर आणखी मजेची आहे. अख्ख्या मोहरीला वास नसतो. पण थोडं पाणी घालून ती फेसली की झणका थेट नाकात जातो. याचं कारण असं की मोहरीच्या दाण्यात दोन वस्तू वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. दाणा चिरडला आणि पाणी मिळालं की दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून अलाइल आयसोथायोसायनेट नावाचं झणझणीत द्रव्य तयार होतं. पाणी मात्र उकळतं नको, नाहीतर त्यातलं पाचक द्रव्यच मरतं आणि झणका येत नाही. आमच्या आजीने यातला एक शब्द ऐकला नव्हता, पण मोहरी नेहमी गार पाण्यातच फेसायची!

या झणक्याचं वैशिष्ट्य हे की तो वाफेसारखा पसरतो. अन्नाला हात न लावता तो डब्यातल्या हवेतून काम करतो. जपानमध्ये वसाबी नावाची हिरवी तिखट चटणी खातात, तिच्यातही हेच द्रव्य असतं. ते लावलेले पातळ कागद तिथे जेवणाच्या डब्यात अन्नावर ठेवतात.

नातीचा प्रयोग

हे सगळं वाचल्यावर नात म्हणाली, "आजी, आपण करून बघू."

दुकानातल्या पावात टिकण्यासाठी बरेचदा औषध घातलेलं असतं, म्हणून आम्ही शबाथसाठी घरी केलेल्या खल्ल्याचे चार सारखे तुकडे घेतले. काचेच्या चार स्वच्छ बाटल्या. प्रत्येकीत एक तुकडा आणि शेजारी एका छोट्या झाकणात, पावाला लागणार नाही अशा बेताने, एक-एक वस्तू. पहिलीत काहीच नाही. दुसरीत हिंगाची पूड. तिसरीत दालचिनीची पूड. चौथीत गार पाण्यात फेसलेली मोहरी. झाकणं घट्ट लावून बाटल्या एकाच कपाटात ठेवल्या. नात रोज शाळेतून आली की वहीत लिहायची.

पाचव्या दिवशी पहिल्या बाटलीत हिरवा ठिपका दिसला. हिंग आणि दालचिनीच्या बाटल्यांत सातव्या दिवशी. मोहरीच्या बाटलीत अकराव्या दिवसापर्यंत काही नाही! नात घरभर नाचली. मग ती म्हणाली, "पण आजी, हा पाव खायला दिला तर कोण खाईल?" बाटलीतल्या पावाला मोहरीचा असा दर्प होता की खाण्याचं नाव नको.

एकदा केलेल्या प्रयोगाने काही सिद्ध होत नाही, हेही नातीनेच मला बजावलं. पण तुम्ही घरी करून बघा. एक पथ्य मात्र पाळा. बुरशी आल्यावर बाटली उघडायची नाही, वास घ्यायचा नाही. बंद बाटली तशीच मोठ्या माणसांकडून टाकून द्यायची.

मोठ्यांचे प्रयोग

आता खऱ्या शास्त्रज्ञांकडे वळू. आमचं वॉशिंग्टन राज्य सफरचंदांचं. अमेरिकेत पिकणाऱ्या सफरचंदांपैकी निम्म्याहून अधिक या एका राज्यात पिकतात. त्यामुळे सफरचंदाचं वेष्टन म्हटल्यावर माझे कान टवकारले.

कॅलिफोर्नियातल्या आल्बनी गावी अमेरिकन कृषी खात्याची प्रयोगशाळा आहे. तिथल्या संशोधकांनी सफरचंदाच्या गराची पातळ पारदर्शक पोळी बनवली. कोकणातली आंबापोळी डोळ्यांपुढे आणा, फक्त कागदाइतकी पातळ. त्यात कुणी कार्वाक्रोल घातलं, कुणी दालचिनीचं द्रव्य. २००९ साली अॅरिझोना विद्यापीठ आणि ही प्रयोगशाळा यांनी मिळून अशी पोळी कोंबडीच्या मांसावर गुंडाळून पाहिली. (डुकराच्या मांसावरही पाहिली, पण तो आपल्या कामाचा भाग नव्हे!) मांसावर मुद्दाम साल्मोनेला, ई. कोलाय आणि लिस्टेरिया हे आजार देणारे जंतू सोडले होते. पोळीमुळे त्यांची संख्या घटली, आणि दालचिनीपेक्षा कार्वाक्रोलचा, म्हणजे आपल्या झातारच्या द्रव्याचा, परिणाम जास्त दिसला.

दुसरी गोष्ट एका मुलीची. कविता शुक्ला ही अमेरिकेत वाढलेली भारतीय मुलगी. लहानपणी भारतात आजीकडे गेली असताना तिच्या पोटात चुकून नळाचं पाणी गेलं. आजीने मसाल्याचा काढा करून दिला आणि ती आजारी पडली नाही. मसाल्यात असं काय आहे, या कुतूहलातून तिने शाळेत असतानाच प्रयोग सुरू केले. २००२ साली, सतरा वर्षांची असताना, मेथीचा वापर केलेल्या कागदासाठी तिला पेटंट मिळालं. २०१० साली तिने हा कागद मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिज गावात शेतकऱ्यांच्या बाजारात विकायला सुरुवात केली. फळं-भाज्यांच्या टोपलीत तो चौकोनी कागद टाकून ठेवायचा. आजीचा काढा असा कागदावर आला.

आणि महाराष्ट्रात? नाशिकची द्राक्षं परदेशी जातात, तेव्हा पेटीत बुरशी अडवण्यासाठी गंधकाचा वायू हळूहळू सोडणारा कागद घालतात. तो झाडपाल्याचा नाही, पण युक्ती तीच, कागदानेच पहारा करायचा. गंधकाच्या जागी एखादा वनस्पतीचा अर्क घालता आला तर, म्हणून निरनिराळ्या देशांत खटपट चालू आहे. कोकणात आपण हळदीच्या पानात पातोळ्या उकडतो, केळीच्या पानात मासे गुंडाळतो. पान हे वेष्टन आणि मसाला दोन्ही झालं! फरक एवढाच की ते अन्न त्याच दिवशी संपवायचं असतं.

मग दुकानात का दिसत नाही?

मीही हेच विचारलं. अडचणी चार आहेत. एक, वास. अर्क भरपूर घातला तर जंतू मरतात, पण दुधाला लवंगेचा वास येतो. आमच्या मोहरीच्या पावासारखं. दोन, उष्णता. प्लास्टिक वितळवून त्याचा पातळ कागद करतात, तेव्हा अर्क उडून जातो. म्हणून हल्ली तो वरून लेप देऊन किंवा बारीक कणांत कोंडून घालतात. तीन, अन्न स्वतः. प्रयोगशाळेच्या बशीत जो अर्क जोरदार काम करतो, तो मांसातल्या किंवा चीजमधल्या चरबीत शिरून बसतो आणि जंतूपर्यंत पोचतच नाही. चार, परवानगी. वेष्टनातून अन्नात काय आणि किती उतरतं हे सरकारला दाखवावं लागतं. 'नैसर्गिक' म्हणजे 'निर्धोक' असं नव्हे. म्हणून औषधाच्या दुकानातून लवंगेचं तेल आणून घरच्या अन्नावर शिंपडू नका.

तरीही हे काम महत्त्वाचं आहे. अमेरिकन कृषी खात्याच्या अंदाजाने या देशातलं ३० ते ४० टक्के अन्न वाया जातं. ज्यांनी रेशनच्या रांगा पाहिल्या, त्यांच्या पोटात हा आकडा ऐकून खड्डा पडतो.

आजी-आजोबांनो, हे जरूर वाचा

आता थोडं कठोर बोलते. बुरशी निदान दिसते. आजार देणारे पुष्कळ जंतू दिसत नाहीत, त्यांना वास नाही, चव नाही. १९९३ सालच्या जानेवारीत आमच्याच वॉशिंग्टन राज्यात एका हॅम्बर्गरच्या साखळी-दुकानांतलं अर्धकच्चं मांस खाऊन मुलं आजारी पडली. ई. कोलायची ती साथ इतर काही राज्यांतही होती. सातशेहून जास्त माणसं आजारी झाली आणि चार मुलं दगावली. त्यानंतर १९९४ साली खिम्यात हा जंतू सापडला तर तो माल विकायलाच बंदी झाली.

अशा आजाराने सर्वांत जास्त धोका कुणाला? लहान मुलांना आणि आपल्यासारख्या म्हाताऱ्यांना, म्हणजे हे पान वाचणाऱ्या आपणा सर्वांनाच. म्हणून सांगते, कोणताही मसाला, कोणतंही नवं वेष्टन शिजवण्याची आणि थंड ठेवण्याची जागा घेत नाही. कोंबडी आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला आणि खिमा ७१ अंशाला शिजला पाहिजे. फ्रिज ४ अंशांवर ठेवा. शिजवलेला भात, रस्सा दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. लिस्टेरिया तर फ्रिजमध्येही हळूहळू वाढतो, तेव्हा 'फ्रिजमध्ये होतं' म्हणून आठवड्याचं शिळं खाऊ नका. तेलात नुसता लसूण घालून ती बाटली ओट्यावर ठेवू नका, त्यात हवेशिवाय वाढणारा फार विषारी जंतू तयार होऊ शकतो. आणि रक्तदाबासाठी मीठ कमी केलेलं लोणचं थोडंच घाला, फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. हे शहाणपण मला एक डबा फेकून आलं!

लिहून ठेवा

शेवटी एक खरी घडलेली हकीकत. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्याच्या उपायावर एका विद्यापीठाला पेटंट मिळालं. आपल्याकडे बोट कापलं की आई हळद चेपते, ते अमेरिकेत कुणाच्या तरी मालकीचं झालं! भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं. परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेल गावचे, आपल्या मुंबईत शिकलेले. पण 'आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे' एवढं म्हणून तिथे चालत नव्हतं. छापील पुरावा हवा होता. जुने ग्रंथ, जुने लेख शोधून पुढे ठेवले, तेव्हा १९९७ साली ते पेटंट रद्द झालं.

ही गोष्ट नातीला सांगितली, तर ती चटकन म्हणाली, "मग तुझ्या आजीचं कुठे लिहिलंय?"

कुठेच नाही. आजी गेली, तिच्याबरोबर तिचं प्रमाण गेलं. हिंगाचा खडा केवढा, धूर किती वेळ, तेल किती बोटं, हे मला अर्धवट आठवतं. अश्दोदची माझी धाकटी बहीण फोनवर वेगळंच सांगते. आमच्या मुलांना ते ऐकीव आहे आणि नातवंडांना मराठी समजते, पण वाचता येत नाही. आणखी वीस वर्षांनी 'दादरा' म्हणजे काय हे या घरात कुणाला कळेल?

म्हणून आम्ही एक वही केली आहे. डाव्या पानावर मी मराठीत कृती लिहिते. उजव्या पानावर नात इंग्रजीत त्याचं कारण लिहिते, आणि हल्लीच्या नियमाप्रमाणे काय सांभाळायचं तेही. पहिल्या पानावर आहे, 'बरणीला हिंगाची धुरी'. नातीने उजवीकडे लिहिलंय की याने बरणी कोरडी होते, गंधकाच्या वासाची द्रव्यं आत बसतात, पण लोणचं टिकतं ते मुख्यतः मीठ, आंबटपणा आणि तेल यांमुळे. खाली तांबड्या शाईत तिची सूचना आहे, 'घराबाहेर करावे, छतावरची घंटा वाजते.'

वाचकहो, तुमच्या घरीही अशी एक वही होऊ द्या. आज जेवण झाल्यावर नातवंडाला जवळ बसवा आणि एका पदार्थापासून सुरुवात करा. या मोसमात कैऱ्या मिळाल्या की आम्ही पुन्हा लोणचं घालणार आहोत. मीठ पुरेसं, तेल चार बोटं, बरणी चिनी मातीची. आमचे हे फक्त एक फोड खातील, तसं त्यांनी कबूल केलं आहे!